बहिरी बाजू

ही गोष्ट खरी आहे. मैत्रिणीच्या मावशीच्या शेजारणीकडून ऐकलेली नाही. माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे, आणि अजून मिटलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या घरातल्यांनाही कुठे पटलीय?

मी हे दुपारी लिहितेय. हे कामावर गेलेत. संध्याकाळी ते घरात असताना यातलं एक अक्षरही मला लिहिता येणार नाही.

थंडीचे दिवस होते. दिवेलागणीची वेळ, पण दिवे गेलेले. जागा म्हणजे आमच्या घराची मागची बाजू. स्वयंपाकघराचं दार, दारापुढे छोटं अंगण, अंगणात पत्र्याची शेड. शेडमागून एक बोळ जातो. बोळ मोठ्या रस्त्याला लागतो आणि रस्ता सरळ पाण्याच्या टाकीपर्यंत जातो.

तिथपर्यंतच.

त्याच्या पुढे काय आहे ते मला अजून माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायचंही नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढे कुणीतरी सांगेलच. मी संशयी बाई आहे. घरी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, गणवेश. गिऱ्हाईक कापड देऊन गेलं की ते मी आधी मापून बघते. दारावर फेरीवाला आला की त्याच्या तागडीखाली वाकून बघते. माझे धाकटे दीर पुढच्या खोलीत राहतात, दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि उरलेला वेळ माझी थट्टा करतात. ते म्हणतात, "वहिनी, तुम्ही आरशात बघतानासुद्धा आधी विचारत असाल, कोण पाहिजे?"

हसा. मीही हसायचे तेव्हा.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे कापडगिरणीत फिटर. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली आणि त्यात उजवा कान गेला. साफ गेला. त्या कानाशी ताट आपटलं तरी मान वळायची नाही. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, हा कान आता परत यायचा नाही.

डावा मात्र असा तिखट, की माझ्या शिलाई मशीनची सुई बोथट झालेली ह्यांना बाहेरच्या खोलीत कळायची.

खरं सांगायचं तर त्या बहिऱ्या कानाचा मला फार आधार होता. संसारात मन मोकळं करायला प्रत्येकीला एक जागा लागते. माझी जागा म्हणजे ह्यांची उजवी बाजू. जेवताना मी मुद्दाम तिकडे बसायचे आणि पुटपुटत राहायचे. "आईसारखेच हेकट आहात." "तो कापड दुकानवाला आला होता सांगून, तोच बरा होता." लोक म्हणतात, या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यावं. ह्यांची पंचाईत होती, सोडायला दुसरा कानच नव्हता.

मग गिरणी गावाबाहेर हलली.

रोज तेवढं अंतर सायकल मारायची तर ह्यांचे गुडघे साथ देईनात. म्हणून भंगारवाल्याकडून एक छोटं पेट्रोलचं इंजिन आणलं. सायकलला बसवायचं. दांडीवर छोटी टाकी, दोन पायांच्या मधे इंजिन, तिथून साखळी मागच्या चाकाला. पेडल मारून वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा, की इंजिन धरतं.

बसवलं झकास. पण कार्बोरेटर काही लागेना.

हा कार्बोरेटर म्हणजे अंड्याएवढी वस्तू. त्यात पेट्रोल आणि हवा एकत्र होतात. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुरगुरतं, धूर ओकतं, प्लग काळाकुट्ट पडतो. हवा जास्त झाली की आवाज चिरका होतो, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. या दोन्हीच्या मधे कुठेतरी बरोबर जागा असते. स्क्रू केसभर फिरवला की ती सापडते, आणि केसभर फिरवला की हातची जाते.

हे ती जागा कानानं शोधायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी भांडं जरी वाजवलं तरी "श्श!" व्हायचं.

ह्यांचं म्हणणं, प्रत्येक फिटरचं ट्यूनिंग वेगळं असतं. अक्षर असतं तसं. ह्यांच्या ट्यूनिंगमध्ये इंजिन मधूनच एक ठेका चुकवायचं. टुक-टुक-टुक… आणि मधेच एक गाळलेला. मी म्हटलं, हे तर बिघडलंय. तर म्हणाले, "बिघडलेलं नाही. मुद्दाम ठेवलंय. त्यालाही जरा श्वास घेऊ दे की."

मला तो ठेका स्वयंपाकघरात बसून ओळखता येऊ लागला.

आणि तिथेच सगळं सुरू झालं.

एके दिवशी सकाळी ह्यांनी इंजिन चालू केलं. मी कणीक मळत होते. माझे हात थांबले.

आवाज सुरेख होता. सलग, गुळगुळीत, कुठेही न अडखळणारा…

ठेका चुकतच नव्हता.

मी दारात आले. हे इंजिनाकडे टक लावून उभे होते. "हे मी लावलेलं नाही," म्हणाले.

आता घरात माणसं मोजून तिघं. ह्यांनी लावलं नाही, मी लावलं नाही, म्हणजे उरलं कोण? माझ्या मनात पाल चुकचुकली आणि मी सरळ दिरांच्या खोलीत गेले.

"भावजी, इंजिनाला हात कुणी लावला?"

"मी? वहिनी, मला ब्रशशिवाय दुसरं काही हातात धरता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"मग आपोआप फिरला स्क्रू?"

"आता ते स्क्रूला विचारा! एवीतेवी सगळ्यांची चौकशी करताच आहात."

ह्यांनी पुन्हा आपल्या कानाला पटेल तसं लावलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तो गुळगुळीत आवाज. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. घरात धुसफूस सुरू झाली. हे दिरांशी बोलेनात. दीर माझ्याशी बोलेनात.

मग मी शेडला कुलूप घातलं. किल्ली माझ्या मशीनच्या खणात. शिवाय एक युक्ती केली. नेलपॉलिश घेतलं आणि स्क्रूच्या डोक्यापासून कार्बोरेटरच्या अंगापर्यंत एक लाल रेघ ओढली. वरच्या झाकणावरही तशीच. स्क्रू जरासा फिरला किंवा झाकण उघडलं, तर रेघ तुटणारच. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. मी स्वतः उघडलं. दोन्ही रेघा अखंड. कुठे चीर नाही की पापुद्रा नाही.

"बघा," मी म्हटलं, "आज कुणाची छाती झाली नाही."

ह्यांनी इंजिन चालू केलं…

सलग. गुळगुळीत.

ह्यांनी इंजिन बंद केलं. माझ्या देखत रेघ खरवडली, झाकण उघडलं. आतल्या सुईला बारीक खाचा असतात, त्यातल्या एकीत क्लिप बसवायची असते. ह्यांनी मधल्या खाचेत बसवली होती. ती वरच्या खाचेत होती.

हे माझ्याकडे वळले. तशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"किल्ली तुझ्याकडे. कुलूप तुझं. रंग तुझा."

"म्हणजे मी? मला ती सुई कुठे असते तेसुद्धा आत्ता कळलं!"

"मी कुठे काय म्हटलं?" म्हणाले आणि आत गेले.

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेतला की कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं. फार लागलं.

जाताना माझं लक्ष स्क्रूड्रायव्हरकडे गेलं. हे तो नेहमी सायकलच्या डाव्या अंगाला ठेवायचे, डाव्या कानाला लावायला सोपा म्हणून.

तो उजव्या अंगाला पडला होता.

मी पडद्याचे जुने रॉड विकायच्या निमित्तानं भंगारवाल्याकडे गेले. तो रॉड तोलत होता आणि मी त्याचा काटा तपासत होते.

"ते सायकलचं इंजिन दिलंत ना, ते आधी कुणाचं होतं?"

"तक्रार आहे का काही?"

"तक्रार नाही. सहज विचारतेय."

त्यानं रॉड खाली ठेवले. "पाण्याच्या टाकीपाशी सायकल सापडली होती, बाई. स्टँडवर उभी, इंजिन चालू. आजूबाजूला माणूस नाही. पेट्रोल संपेस्तोवर चालत राहिलं म्हणे."

"माणसाचं काय झालं?"

"काही नाही झालं. माणूस घरीच होता. पोलिसांनी पत्ता काढला, तर बायको म्हणाली, सायकल आमचीच, पण आमचा माणूस संध्याकाळीच घरी आला. चालत."

"मग सायकल न्यायला कुणी आलं नाही?"

"ती बाई म्हणाली, नको आम्हाला. पुढे कधीतरी ते लोक गावच सोडून गेले."

मी घरी आले. खोटं कशाला सांगू, मला त्यात काहीच खटकलं नाही. माणूस सुखरूप घरी पोचला, म्हणजे बरंच झालं की. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि नेमक्या त्या एका गोष्टीवर घेतला नाही.

ह्यांना एवढंच म्हटलं, "परत करून टाका ते धूड. घरात भांडणं लागलीत."

"एकदा माझ्या कानाला लागू दे," हे म्हणाले. "मग बघू."

हेकटपणा. उजव्या बाजूला जाऊन मी तसं म्हटलंही.

आणि मग ती संध्याकाळ.

दीर पाटी लावायला बाहेर गेले होते. नुकतेच दिवे गेले होते. सगळ्या गल्लीतले पंखे, मोटारी, टीव्ही एकदम गप्प झाले. हे म्हणाले, "बरं झालं, शांत आहे. आज लावतोच."

ह्यांनी आपल्या पद्धतीनं लावलं. टुक-टुक-टुक… आणि एक गाळलेला. मग म्हणाले, "टाकीपर्यंत फुल्ल सोडतो आणि तिथे एकदम बंद करतो. लगेच प्लग काढला की त्याचा रंग खरं सांगतो. बिस्किटाच्या रंगाचा आला तर जिंकलो."

"टॉर्च न्या."

"काय?" मी चुकून उजव्या बाजूला उभी होते.

"टॉर्च न्या म्हटलं!"

हसले. टॉर्च घेतला, आणि गेले.

मी दारात उभं राहून ऐकत होते. आवाज बोळातून गेला. मोठ्या रस्त्याला लागला. चढत गेला, बारीक होत गेला… आणि टाकीपाशी पटकन तुटला.

ठरल्याप्रमाणेच. आता प्लग काढला असेल. आता टॉर्चच्या उजेडात बघत असतील.

मी वाट बघितली.

बराच वेळ काहीच नाही.

मग टाकीपाशी इंजिन पुन्हा सुरू झालं. टुक-टुक-टुक… एक गाळलेला. मला इतका आनंद झाला, की अंधारात एकटीच हसले. जमलं म्हणायचं! मी मेणबत्ती लावली आणि चहाचं आधण ठेवलं.

आवाज मात्र जवळ येईना. तिथेच, टाकीपाशीच चालू होता. जागच्या जागी.

आणि माझ्या पाठीमागे…

"चहा टाकलास?"

हे दारात उभे होते.

"अगं बाई! केवढं दचकवलंत! सायकल कुठाय?"

"टाकीपाशी ठेवली. बंद पडली. चालत आलो."

"बंद पडली? मग हे काय वाजतंय?"

हे ऐकायला थांबले. मान जराशी कलती केली. "कुठे काय वाजतंय?"

वाजत होतं. मला स्पष्ट ऐकू येत होतं. टुक-टुक-टुक… एक गाळलेला. मी त्यांना बाहेर घेऊन गेले, बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले, शांतपणे.

"तुझ्या कानात भरलाय तो आवाज," म्हणाले. "ये, थंडी आहे."

चहा पिताना मेणबत्तीच्या उजेडात मी त्यांचे हात बघितले. प्लग काढलेले हात. काळ्याचा एक डागही नव्हता.

"प्लग कसा निघाला?"

"कुठला प्लग?"

मी पुढे काही विचारलं नाही. त्या रात्री ते गाढ झोपले आणि मी टाकीपाशी चाललेलं ते इंजिन ऐकत पडले. कधीतरी ते फरफरलं आणि बंद झालं. पेट्रोल संपल्यावर होतं तसं.

सकाळी दीर जाऊन सायकल घेऊन आले. चिडलेच होते. "दादा, स्टँडवर लावून चालू सोडून आलास? टाकी कोरडी ठणठणीत! इंजिन अजून कोमट आहे. आणि हे सामान कुणासाठी पसरून ठेवलंस?"

त्यांच्या हातात टॉर्च होता आणि स्क्रूड्रायव्हर होता.

"विसरलो असेन," हे म्हणाले.

नळ ठिबकला तर झोपेतून उठून बंद करणारा माणूस. विसरला.

मला भंगारवाल्याचे शब्द आठवले. माणूस संध्याकाळीच घरी आला. चालत.



जेवताना मी नेहमीच्या जागी बसले, उजव्या बाजूला. सवयीनं तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "तोंडाला कुलूप लावून बसलेत."

"कुलूप कशाला? बोलतो की," हे म्हणाले.

घास हातातच राहिला.

मी आणखी हळू म्हटलं, नुसते ओठ हलवत. "ऐकू येतं तुम्हाला?"

"येतं," म्हणाले, आणि जेवत राहिले.

यानंतर घरात जो आनंदीआनंद झाला तो काय सांगू! डॉक्टरांनी कान तपासला, म्हणाले, असं क्वचित होतं, नशीबवान आहात. शेजारच्या बायका बघायला आल्या. दीर मला म्हणाले, "वहिनी, तुमचं खासगी ऑफिस बंद झालं!" मी दिरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. काळे न झालेले हात, चालू राहिलेलं इंजिन, भंगारवाल्याची गोष्ट. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाले, "तुम्हाला वाईट झालं तरी संशय, चांगलं झालं तरी संशय. आता दादाला जरा सुखानं जगू द्या."

जन्मभराची खोड आडवी आली. माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलंच नव्हतं.

मग मी माझ्या परीनं तपास केला. गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण बघितला. होता. लग्नातल्या गोष्टी खोदून खोदून विचारल्या. सगळ्या बरोबर सांगितल्या. स्वभाव तर उलट गोड झाला होता. हेकटपणा करत नसत, मला दोरा ओवून देत. आपण उगाचच माणसाला छळतोय, असं मला वाटायला लागलं होतं. खरंच लागलं होतं.

तेवढ्यात एकदा मी शिवत बसले असताना ते शेजारी येऊन बसले.

"तो कापड दुकानवाला बरा होता, म्हणायचीस ना? अजून वाटतं तसं?"

माझा पाय मशीनच्या पायपट्टीवरच थिजला.

हे मी म्हटलं होतं. पण बहिऱ्या बाजूला म्हटलं होतं. इंजिन घरात यायच्या किती आधी.

आता तुम्हीच सांगा. एक तर हा माझा नवरा नव्हे, आणि तरी याला सगळं माहीत आहे. नाहीतर हा माझाच नवरा, आणि इतकी वर्षं त्यानं माझा शब्द न् शब्द ऐकला होता. यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सायकल शेडमध्ये पडून राहिली. हे तिच्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. गिरणीतल्या एका जोडीदाराच्या गाडीवर मागे बसून जायला लागले.

आणि एके दिवशी, दिवेलागणीला…

टाकीच्या बाजूनं आवाज आला.

टुक-टुक-टुक… एक गाळलेला.

मी धावत शेडमध्ये गेले. सायकल तिथेच होती. टाकी कोरडी. इंजिनावर हात ठेवला. थंडगार. माझा हात त्या इंजिनावर होता आणि त्याच इंजिनाचा आवाज मला रस्त्यावरून ऐकू येत होता.

मग तो रोज यायला लागला. आधी टाकीपाशी. मग मोठ्या रस्त्यावर. मग बोळाच्या तोंडाशी. तिथे थांबायचा, घुटमळायचा, आणि परत जायचा. घर सापडत नसल्यासारखा. दिरांना विचारलं तर म्हणाले, "हो, येतो की कुणाच्या तरी गाडीचा आवाज. येऊ दे. रस्ता काय आपला आहे?"

हे मात्र दर वेळी म्हणायचे, "कुठे काय वाजतंय?"

त्या आवाजात माझा जीव अडकला होता. माझा माणूस बाहेर थंडीत फिरतोय, आणि मी घरात दुसऱ्याच कुणाला जेवायला वाढतेय. या विचाराला मी एकटी कशी पुरी पडणार होते? बोलणार तरी कुणाशी?

मग पुन्हा एका संध्याकाळी दिवे गेले. दीर घरी नव्हते. हे पुढच्या खोलीत होते. मी स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होते.

आवाज बोळात शिरला.

शेडमागे आला.

थांबला.

कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा खट्ट आवाज झाला. मग अंगणात पावलं. ओळखीची, डाव्या पायावर जरा जास्त भार देणारी. मग कडी वाजली.

"अगं… दार उघड."

ह्यांचा आवाज. दमलेला. थंडीनं कापरा झालेला.

मी दारापाशी गेले. जेमतेम पुटपुटले, "कोण?"

"काय?" बाहेरून आलं. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोल की."

उजवा कान दाराकडे असणार. माझे डोळे भरून आले. मी बोल्टवर हात ठेवला. आता फक्त तो सरकवायचा होता.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं…

हे तरी तेच कशावरून?

ज्यानं नेलपॉलिशची रेघ न तोडता आतली सुई हलवली, त्याला ह्यांचा आवाज काढणं जड आहे का? बहिरेपणाचं सोंग जड आहे का? घरातल्याला सगळं माहीत आहे. बाहेरच्याला सगळं माहीत आहे. मी दार उघडलं, आणि आत आला तो कुणी भलताच निघाला तर?

माझा हात पुढे सरकेना.

मागे चाहूल लागली. घरातले हे आतल्या दारात येऊन उभे होते. काळोखात नुसता आकार दिसत होता.

"उघडायचं असेल तर उघड," ते अगदी हळू म्हणाले. "मी अडवणार नाही."

एक बाहेर, एक आत. मी मधे. दाराच्या फळीतून थंड वारा येत होता. मी मनात म्हणत होते, काहीतरी बोला, ज्यावरून मला कळेल असं काहीतरी बोला. पण ते मोठ्यानं विचारायचा धीर मला झाला नाही.

मग बाहेरचा आवाज जरा अवघडून म्हणाला, "बरं, असू दे. ट्यूनिंग अजून जरासं राहिलंय. ते करून येतो."

पावलं गेली. इंजिन सुरू झालं. टुक-टुक-टुक… एक गाळलेला. बोळातून गेलं, रस्त्याला लागलं, टाकीकडे गेलं.

मग ऐकू येईनासं झालं.

त्या दिवसापासून तो आवाज पुन्हा आलेला नाही.

चिडले की माझे हे कधीच मोठ्यानं बोलायचे नाहीत. "बरं, असू दे" म्हणायचे आणि कामाला लागायचे. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना आठवलं. तिथेच मोरीत बसून मी रडले. आता बरंच काही आठवतं. पण नेमकं त्या वेळी, बोल्टवर हात असताना, मला स्वतःच्या संशयाशिवाय काही ऐकू आलं नाही.

आता मी रोज दिवेलागणीला स्वयंपाकघराचं दार सताड उघडून ठेवते. थंडी असो, डास येवोत. दीर ओरडतात, मी ऐकत नाही. सायकलच्या टाकीत मी पेट्रोलही भरून ठेवलंय. का ठेवलंय, विचारू नका.

घरातले हे त्यावर काहीच म्हणत नाहीत. फक्त संध्याकाळ झाली की आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात आणतात, दाराकडे तोंड करून ठेवतात आणि माझ्या शेजारी बसून राहतात. तेही वाट बघत असतात.

कशासाठी, ते विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.